पायांनी वाजणारी पेटी

दि. ४ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे माझं कितवं काम ते मोजू नका. भिंगरी पुन्हा फिरली, असं मामी म्हणेलच. पण सुटू नये असं वाटणारं हे पहिलंच काम आहे. इथल्या दुकानात ऑर्गन दुरुस्त करतात. म्हणजे आपलीच पेटी, पण खोलीएवढी. आत नळ्याच नळ्या, काही माझ्याहून उंच. परवा एका सभागृहातल्या ऑर्गनच्या नळीत चिमणीचं घरटं निघालं. मालक तिला बराच वेळ समजावत होते. ती काही हलली नाही, म्हणून आम्ही तेवढा सूर सोडून बाकीचे लावले. कुठे होतो मी? हां, पाय.

या ऑर्गनला जमिनीलगत लाकडी पट्ट्यांची रांग असते. जाड सूर पायांनी वाजवायचे. मालक आत शिरून नळ्या तपासतात, मी बाहेर बसून एकेक पट्टी दाबायची. पण माझा पायच उठत नाही. लहानपणी तुमची पेटी ओलांडताना तिला पाय लागला तेव्हा तुम्ही दिलेली चापट अजून पाठीवर आहे. मग मी बाकाखाली रांगत जातो आणि हातांनी पट्ट्या दाबतो. काल डोकं आपटलं. मालकांनी विचारलं, पाठीला काही दुखणं आहे का. मी हो म्हणून बसलो. आता ते म्हणतात, महिनाअखेरीपर्यंत बघू, पाठ अशीच राहिली तर दुसरं काम शोधलेलं बरं. खरं सांगावं तर हसतील. पाय लावावा तर डोळ्यांसमोर तुम्ही. काय करू?

लोभ आहेच, चापटीसकट असू द्यावा.
आपला,
भिंगरी

दि. १५ मे

चि. भिंगरीस,
अ. आ.

धडधाकट पाठीला दुखणं लावून घेणारा तूच. मामी इतकी हसली की शेवटी पाणी द्यावं लागलं. अरे, चापट पाय लागला म्हणून नव्हती. पतंगामागे धावताना ती पेटी आहे की पाट, हे बघायचीही तुला फुरसत नव्हती, म्हणून होती.

माझ्या गुरुजींकडे पायपेटी होती. पायांनी भाता हलवायचा, हातांनी वाजवायचं. बसण्यापूर्वी ते पाय धुवायचे, पेटीला हात जोडायचे आणि मग तासभर तिला तुडवायचे. पेटीने कधी तक्रार केली नाही, शेजाऱ्यांनी केली. कामाला लागलेला पाय म्हणजे लाथ नव्हे. मालकांना खरं सांग. हसले तर हसू देत, हसणारा माणूस सहसा कामावरून काढत नाही. चिमणीचं पुढे काय झालं, असं मामी विचारते.

आशीर्वाद पाठवलेत, जपून वापर.
तुझा मामा

दि. २७ मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पिल्लं उडाली, हे मामीला आधी सांगा.

सोमवारी जोडे-मोजे दाराशी काढले, पाय धुतले, ऑर्गनला हात जोडले. मालक चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग मी सगळं सांगून टाकलं. ते हसले. मग हसायचे थांबले आणि स्वतःच्या बुटांकडे बघत बसले. मला वाटलं, गेलं काम. पण ते नळ्यांपाशी गेले आणि आतून ओरडले, दाब म्हणून. मामा, सगळ्यात जाड सूर कानाआधी तळपायाला कळतो, मग पोटापर्यंत चढतो. मी पुढची पट्टी दाबायचंच विसरलो, त्यांना पुन्हा ओरडावं लागलं.

दुसऱ्या दिवशी आलो तर दाराशी त्यांचे बूट. आत मालक नुसत्या मोज्यांवर, एकातून अंगठा बाहेर. दुकानाची दुसरी किल्ली त्यांनी माझ्या हातात ठेवली. पाठीचा विषयच निघाला नाही. मालकीणबाई मात्र म्हणतात की आता मोज्यांना रफू मीच करायचं.

लोभ वाढला तर कळवावं.
आपला,
भिंगरी

दि. ९ जून

चि. भिंगरीस,
अ. आ.

मालकांना माझा नमस्कार सांग. भिंगरी एकदाची टेकली, असं मामी शेजारीपाजारी सांगत सुटली आहे. मी म्हटलं, इतक्यात नको, हा कधी पळेल नेम नाही. त्यावर ती म्हणाली, आता नाही पळायचा. आजवर पळाला, कारण जोडे पायातच असायचे. दाराशी काढलेले जोडे शोधून, घालून, नाड्या बांधेपर्यंत कंटाळा निघून जातो.

तेव्हा पुढचे जोडे नाड्यांचेच घे.

तुझा मामा