नऊचा आकडा

बाई, तुमाले जाऊन कितीक वर्षं झाली, अन् आज लिहायले बसली. काल सुनेनं नवा फ्रिज आणला. आनंद एवढा का एका जागी बसवत नाई. भिंतीले चिकटवला होता, मी पुढं ओढाले लावला, मागून हवा खेळाले पाहिजे म्हटलं. नात घडीघडी दार उघडते, मी ओरडते. "आजी, तू फ्रिजची मास्तरीण आहेस का वं?" म्हणते. तिले काय सांगू, मास्तरीण तुमी होत्या.

चामोर्शीकडच्या आपल्या दवाखान्यात लाईट नव्हती. लसीचा फ्रिज घासलेटवर चाले. खाली बत्ती जळते अन् वर बर्फ जमते, मले नवलच वाटे. मी झाडूवाली, तरी तुमी नर्सबाई असून सारं दाखवलं. ज्योत निळी पाहिजे, पिवळी झाली का वात कापाची. फ्रिज कलला त थंडी बंद. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या, म्हंजे बत्ती विझली तरी गारवा राह्यते. थर्मामीटरसाठी आकडे शिकवले, दोन ते आठ. पारा तेवढ्यातच पाहिजे, म्हणून तेवढेच.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी पारा आठाच्या वर गेला. मी पारा लिहाच्या कागदावर आठ लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमी आतल्या पाण्याच्या बाटलीले हात लावला, अजून गार नव्हती.

"हा आठ खरा आहे का?"

"वरचे आकडे मले येत नाई, बाई."

"मंग विचारलं काऊन नाई?"

बाहेर जंगलातून चालत आलेल्या बाया, कडेवर लेकरं. तुमी लस फेकली अन् त्याहिले परत पाठवलं. एक म्हातारी म्हणाली, "आमची लस तुमच्या फ्रिजनंच खाल्ली का?" तुमी माहं नाव नाई घेतलं. "माही चूक झाली, पुढच्या बाजाराच्या दिवशी या," म्हटलं. मंग दिवसभर जमिनीवर पालथ्या पडून वात कापून राह्यल्या, फ्रिजवर पाण्याचं ताट ठेवून कल पाहून राह्यल्या. संध्याकाळी कोळशानं मले नऊ गिरवाले लावला.

नवी लस बसनं आली, लेकरंही परत आली. त्यातलीच एक आज माही सून आहे.

पण बाई, वात चांगली होती. कलही नव्हता. त्या दुपारी मीच दार उघडून, आत तोंड घालून बसली होती, लय वेळ. तुमी घामानं निथळत होत्या अन् मी बाजूले नुसताच कंदील धरून उभी.

हा कागद पाठवू कुठी? घडी करून पेटीत ठेवते. सून शेतात गेली आहे. एकदाच फ्रिजचं दार उघडून पाहते, बाई. लगेच लावते.