डबीवरचे बाबा

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी अशी, की आपले बाबा चोरीला गेलेत! घाबरू नकोस, डबीवरचे. बाबांच्याच गावातल्या एका बामवाल्याने आपल्या बामाची पिवळी डबी हुबेहूब उचललीय. बाबांचा फोटो, झुपकेदार मिशा आणि खाली ‘फोटो पाहूनच घ्या, नकलेपासून सावध राहा’ ही ओळसुद्धा! मी ट्रेडमार्क कार्यालयात तक्रार ठोकली, तर हा पठ्ठ्या शपथेवर सांगतो, की फोटोतले गृहस्थ त्याचे वडील आहेत. साहेबांनी आता वडिलांनाच हजर करायला सांगितलंय. हरलो तर डबीवरून बाबांना उतरवावं लागेल आणि कारखाना बसेल. मला इथून हलता येत नाही. तूच जाऊन बाबांना पुन्हा मिशा वाढवायला सांग ना.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी कशी जाऊ? मुलांच्या परीक्षा, त्यात घराचं रंगकाम काढलंय. गेल्या वर्षीही मीच गेले होते, का त्याच्या आदल्या? असो. मिशांचं पत्राने कळवलं. झुपका डबीवर बघून ठेवा म्हटलं, तर बाबांचं उत्तर आलं, की घरात आपली डबीच नाही. धन्य आहे तुझी! बामाचा कारखाना चालवतोस आणि बापाला एक डबी पाठवत नाहीस? सुनावणीला तरी स्वतः जा. नाक तेवढं बाबांसारखं आहे तुझं, ते साहेबांना दाखव.

माया आहे म्हणून ओरडते.
ताई

२९ मार्च

चि. दोघांस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुनावणी झाली. तुमच्यापैकी कुणी फिरकलं नाही, म्हणून बामवालाच गाडी घेऊन मला न्यायला आला. मिशाही त्यानेच कातरून डबीबरहुकूम केल्या. हात हलका आहे त्याचा. साहेबांनी एकदा डबीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, की आजोबा, तुम्ही नेमके कुणाचे वडील?

हा मुलगा रोज संध्याकाळी येऊन माझ्या गुडघ्यांना बाम चोळतो. पहिल्यांदा फोटो लांबवायलाच आला होता, लबाड! मग येतच राहिला. तो नकली आहे हे मला कळत नाही का? पण साहेबांनी विचारलं तेव्हा शेजारी तोच उभा होता. मी म्हटलं, याचा.

निकाल असा, की नक्कल तुम्हीच केलीत. यापुढे तुम्हाला माझा फोटो वापरायला बंदी आहे. राग आला असेल तर येऊन भांडा. दोघंही या.

वाट पाहणारा,
बाबा