शेवटच्या अध्यायाचा अर्थ

तात्या,

गेल्या आठवड्यात बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या घशातला तुकडा तपासायला काढून घेतला. वर्षापूर्वी गाठ काढली ती साधी निघाली होती, पण आवाज गेला तो गेलाच. इंदापूरच्या शाळेत मागच्या बाकापर्यंत माझं बोलणं पोचेना, म्हणून पन्नाशीच्या आत नोकरी सोडली. आता त्याच जागी पुन्हा गाठ दिसते आहे. निकाल उद्या कळेल. भीती वाटते, तात्या. घास गिळताना वाटते, आणि नुसता बसलो असलो तरी वाटते.

घरी बसलो तेव्हा सुरुवातीला दिवस सरत नव्हता. मग श्रावण आला. देवळात पोथी वाचून तिचा अर्थ सांगायचं तुमचं काम तुमच्या मागे माझ्याकडे आलं होतं. यंदा मी तो विषयच काढला नाही, तर तुमची नातसून म्हणाली, "मामा, तुमी लिवा की. मी वाचते." तेव्हापासून दुपारी मी सोप्यात बसून एकेका अध्यायाचा अर्थ लिहितो आणि संध्याकाळी ती देवळात वाचते. दुसऱ्याच दिवशी एका म्हाताऱ्यांनी मला टोमणा मारला, "काय गुरुजी, सुनंला मास्तरीण केली व्हय?" तीच म्हणाली, "व्हय आबा. आन् हजेरी तुमच्यापासनं घेणार हाय. काल न्हवता तुमी." आता ते आबा सगळ्यांच्या पुढं बसतात. माझे शब्द तिच्या तोंडून सावकाश ऐकताना मला कळलं की वर्गात मी किती घाईनं बोलायचो. इतकी वर्षं शिकवून जे सापडलं नव्हतं, ते लिहिताना सापडत होतं.

पण शेवटचा अध्याय मी लिहीत नव्हतो.

तुमचा शेवटचा श्रावण आठवतो. अंगात ताप असताना तुम्ही रोज देवळात बसलात, समाप्ती केलीत आणि त्याच आठवड्यात गेलात. आई म्हणाली होती, "पोथी अर्धी सोडून देव कुणाला न्हेत न्हाय. ह्यांनी पुरी केली." मी शिक्षक. असल्या समजुती खोट्या असतात, हे मुलांना शिकवलं. तरी ते वाक्य माझा हात धरून बसलं. कोरा कागद पुढं ठेवायचो आणि घरात सांगायचो, अंगठा दुखतोय. देवळात सून आधीचाच अध्याय पुन्हा वाचायची.

एक सकाळ सारखी आठवते. मी लहान आहे. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे आणि संध्याकाळी देवळात वाचायचं म्हणून तुम्ही मला पोथीपुढं बसवलंय. माझा आवाज कापतो, मी थांबतो. तुम्ही पाठमोरेच म्हणता, "वाच. भ्यालेल्या आवाजातलंबी देवाला ऐकू जातं." मी वाचतो. भीती काही जात नाही, पण अध्याय संपतो.

आज समाप्ती. सकाळी सून पुरणाची डाळ शिजायला टाकून आली आणि माझ्यासमोर बसली.

"मामा, अंगठा न्हाय दुखत तुमचा."

मी पुढ्यातला कोरा कागद पोथीखाली सारला.

"तुमी लिवायचं थांबलात म्हणून गाठ थांबल व्हय? आत्याबाई सांगत्यात, रातभर कूस बदलता. आमालाबी भ्याव वाटतं की. ते काय तुमच्या एकट्याचं हाय?"

मग उठता उठता म्हणाली, "गाव जेवायला येतंय. माझी फजिती करू नका."

दुपारी लिहायला बसलो. अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं. मध्येच तुमची आई, म्हणजे माझी आजी, माझे विद्यार्थी, सगळे आठवत राहिले, आणि थोडा वेळ मी गाठ विसरलो. संध्याकाळी ती कागद घेऊन गेली. माझी बायको देवळात वाढायला गेली आहे. मी ओसरीवर बसून हे लिहितोय. कर्ण्यावरून सुनेचा आवाज येतो आहे.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून सांगतो. तिलाही सांगितलेलं नाही. शेवटच्या ओवीचा अर्थ मी लिहिला नाही. ती तिथं पोचली की थांबेल, आणि लोकांना वाटेल, संपलं.