चेल्लमला जागा मिळाली

मैलापूर, चेन्नई

अप्पांना नमस्कार.

घर मिळालं. मांजर म्हटलं की मालक नाही म्हणायचे, म्हणून अम्माच्या मागे राहिलेली आपली चेल्लम मी टोपलीत लपवूनच आणली.

काल नव्या घरात दूध उतू घालवायला मालकीणबाई कामाक्षीमामी आल्या. दूध उतू गेलं आणि चेल्लम टोपलीतून निघून सांडलेलं चाटू लागली.

मामी म्हणाल्या, "गृहप्रवेशाचं दूध प्यायली, आता हिला कोण हाकलणार? गावी कोण असतं तुझं?"

"अप्पा. एकटेच."

"आणि तू मांजर घेऊन आलीस."

मी ओटा पुसत राहिले.

खोकला कसा आहे? येताना तुमची उशी आणा, दुसऱ्या उशीवर तुम्हाला झोप लागत नाही.

तुमची,
वडिवु