द ला पहिली वेलांटी

शुक्रवार, ५ जुलै

आलो एकदाचे डोंबिवलीत. वर्तकनगरची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, निदान तीन वर्षं भाड्याने काढायची. नयनचं म्हणणं होतं की ठाण्यातच बघू. पण ही सातव्या मजल्यावरची जागा बघायला आलेलो तेव्हा गॅलरीत उभा राहिलो आणि तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. कारण हिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सामान टेम्पोतून उतरलंच नसतं.

कारण म्हणजे समोर, खोणीच्या पलीकडे, एक टेकडी आहे. एकटी, सुटी, माथ्यावर एकही टॉवर नाही. गावात तिला निशाणटेकडी म्हणतात. नकाशावर उंची २१४ मीटर. माझ्या हिशोबाने २१९.

हौशी रेडिओचा परवाना मार्चमध्ये आला. बावन्नाव्या वर्षी परीक्षा दिली आणि पहिल्या फटक्यात पास झालो. क्लास नाही, गुरू नाही. दहावीनंतर शाळेची पायरी चढलो नाही. खोपटला एसटी डेपोसमोर एकोणतीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केले, जे येतं ते या हातांनी शिकवलं. नयनला समजावून थकलो, की यात मोबाइल कंपनी नाही, तार नाही, मध्ये कुणी नाही. एका डोंगरावरून मी बोलतो, लांबून कुणीतरी ऐकतो. ती म्हणते, मग फोन का करत नाही त्याला?

खाली गेटवर वॉचमन मारुती. माझी ॲन्टेना बघून म्हणाला, काका, कपडे वाळत घालायचा स्टँड झकास आहे, कुठून घेतला? चांगला माणूस दिसतो. नोटीस बोर्डावर ‘पाणि’ लिहिलेलं, ते पेनाने ‘पाणी’ केलं. दिशा म्हणाली, बाबा, आल्या आल्या सुरू? अजून आपलं नाव नाही लागलं बोर्डावर.

बावीस वर्षांची झाली, पण मला झापण्यात आईच्या पुढे गेली आहे.

रविवार, ७ जुलै

पहिलं शिखर! सविस्तर लिहितो.

घरून स्कूटरने १२:४०. पायथ्याशी लक्ष्मीबाय नावाच्या आगरी म्हातारीचं घर आहे. एके काळी आजूबाजूची सगळी भातशेती त्यांचीच. आता तिन्ही बाजूंनी टॉवर उठलेत आणि ही मधोमध ओट्यावर बसून सुकट निवडते. स्कूटर अंगणात लावू का, विचारलं. लाव म्हणाली, आणि ॲन्टेनाकडे बघून, पावसान वर कनाला जातंस रं दादूस, पोरगी बघाला? आतून सून फिदीफिदी हसली. मीही हसलो.

माथ्यावर १:५०. दाट ढग, दहा फुटांपलीकडे दिसत नव्हतं. सर्व्हेच्या दगडाला ताडपत्री बांधली. ॲन्टेना मी स्वतः केलेली, पीव्हीसी पाइपवर स्टीलच्या मेजर टेपचे तुकडे. विकतच्यापेक्षा सरस आहे. वही आणि पेन्सिल (पेनाची शाई पावसात पसरते). मी बोलता बोलता लिहितो, दुसऱ्यांसारखं नंतर आठवून नाही.

शिखर ‘केलं’ म्हणायला चार संपर्क लागतात. संपर्क पूर्ण कधी? एकाने सांगितलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं वाचून दाखवायचं आणि शेवटी पोच द्यायची. पोच नाही तर संपर्क नाही. अर्धा संपर्क मी वहीत ठेवत नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मी ठरवलंय.

तीन झाले: वर्तकनगरहून ऋतुराज (क्लबमधला पोरगा, इंजिनियर असल्याचा फार तोरा), एक कल्याणचे, एक शीळ रस्त्यावरच्या गाडीतून. मग पाऊस कोसळायला लागला, विजेच्या भीतीने सगळ्यांनी सेट बंद केले. मी थांबलो. चौथ्याशिवाय उतरायचं नाही.

४:०५ ला आला. म्हाताऱ्या मास्तरांसारखा आवाज. कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळालेलं सांकेतिक नाव, तीनदा विचारलं, दिलं नाही. हे नियमात बसत नाही. पण आवाज पाचावर नऊ, म्हणजे स्पष्टपणाचे पाचपैकी पाच आणि ताकदीचे नवापैकी नऊ. एवढ्या पावसात असा आवाज मी ऐकलेला नाही. नाव मात्र त्याने दिलं, तेही कसं! आम्ही इंग्रजी अक्षरं सांगतो, याने बालवाडीतल्यासारखं सांगितलं: म मगरीचा, म ला काना मा. र रथाचा, र ला पहिला उकार रु. त तलवारीचा, त ला दुसरी वेलांटी ती. आणि शेवटी, पोचलं का?

सगळे रॉजर-रॉजर करतात, हा बाबा ‘पोचलं का’ म्हणतो! मला फार आवडलं. वाचून दाखवलं आणि म्हटलं, पोचलं.

वहीत नोंद: ऑपरेटर मारुती, ठिकाण अज्ञात. शिखर पूर्ण.

गुरुवार, ११ जुलै

वॉचमन मारुती गेला.

सोमवारी सकाळी त्याचा घसा बसलेला. मी म्हटलं, लोकांच्या टिंगली करून बसला असेल, तर हसला, पण हसण्याचाही आवाज आला नाही. काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेला. एक्केचाळीस वर्षांचा. गावी माण तालुक्यात दोन पोरं आहेत.

सोसायटीने बोर्डावर लावलंय: मारूती. रु पहिला हवा. खिशातून पेन काढलं आणि ते रविवारचं डोक्यात आलं. तसंच उभं राहायला झालं.

योगायोग. मारुती नावाची माणसं काय थोडी आहेत?

रविवार, १४ जुलै

कालपासून पावसाची झोड. नयन म्हणाली, आज नको. मी म्हटलं, खराब हवेत चालतो तोच खरा सेट, गॅलरीत बसून कुणीही बोलेल.

लक्ष्मीबायने आज थट्टा केली नाही. तिची सासू सांगायची म्हणे, त्या टेकडीवर पावसातून हाक आली तर ओ द्यायची नाही. मी म्हटलं, आजी, आमचा धंदाच ओ द्यायचा. तिने जुना प्लॅस्टिकचा कागद दिला अंगावर घ्यायला.

माथ्यावर १:३०. ऋतुराज मिळाला, बाकी कोणी नाही. ४:०५ ला पुन्हा तोच, पाचावर नऊ. फक्त आज आवाज वेगळा. मास्तर नव्हते, तरुण आवाज होता, घाटावरचा हेल असलेला. नाव: ल लसणाचा. क्ष क्षत्रियाचा, क्ष ला म जोडून दुसरी वेलांटी क्ष्मी.

मी विचारलं, पुरुषाच्या आवाजात बाईचं नाव कसं? तो पुन्हा तेच: पोचलं का?

अर्धं टाकवेना. वाचून दाखवलं, पोचलं म्हटलं.

उतरताना पूर्ण वेळ तो आवाज कानात. रेडिओवर सगळ्यांचा आवाज थोडा बदलतो, मधल्या पट्ट्या राहतात, खालच्या-वरच्या कापल्या जातात, त्यामुळे कुणाचाही कुणासारखा वाटू शकतो. हे शास्त्र आहे. पण ‘का’ म्हणताना गेटवरचा तो जो का ओढायचा, काकाऽ, ॲन्टेना बघून—



मंगळवार, १६ जुलै

ऋतुराजला फोन केला. सरळ विचारलं, ही थट्टा तुझी का? क्लबातल्यांना माझं पास होणं खुपतं, मला माहीत आहे. तो शपथेवर नाही म्हणाला. म्हणाला, काका, दोन्ही रविवारी चारला मी तुमच्याच फ्रिक्वेन्सीवर होतो. तुम्ही एकटेच बोलत होता. नावं सांगत होता, मध्ये थांबत होता, मग ‘पोचलं’ म्हणत होता. मला वाटलं, टेस्टिंग चाललंय.

खोटं बोलतोय. त्याच्या ॲन्टेनाला टेकडी आडवी येते, एवढंच. इंजिनियर ना!

रविवार, २१ जुलै

पेन्सिलने, घरी येऊन लिहितोय.

अंगणात स्कूटर लावली तर ओटा रिकामा. सून बाहेर आली. सासूबाई बुधवारी गेल्या. दोन दिवस आवाजच नव्हता, खुणा करायच्या. डॉक्टर म्हणाले, वय. सून मला म्हणाली, भाऊ, तुमी आज वर जाव नुको.

तिथूनच परतायला हवं होतं. पण डोक्यात राग होता. कुणीतरी आवाज भरून ठेवतंय, माणसं मेल्यावर वाजवतंय, आणि हे मी पकडणार. मला फसवणारा अजून जन्मायचाय. ठरवून गेलेलो: ऐकायचं, लिहायचं, पोच द्यायची नाही. पोच नाही तर संपर्क नाही.

४:०५. लक्ष्मीबायचा आवाज. सुकट निवडताना जसा यायचा तसाच, शांत. दादूस, लिव. द दप्तराचा, द ला दुसरी वेलांटी दी. श शहामृगाचा, श ला काना शा.

दीशा.

आणि मी— चौदा वर्षं हेच केलं मी. जन्माच्या दाखल्यावर कारकुनाने दीशा लिहिलेलं, चार खेपा घालून बदलून घेतलेलं. मग शाळेचा दाखला, मग रेशनकार्ड. प्रत्येक खिडकीवर तेच वाक्य. ते तोंडातच बसलंय. बटण दाबलं आणि म्हणून गेलो: दुसरी नाही, द ला पहिली वेलांटी.

दुसरीच असती तर ती कुणीच नव्हती. दीशा नावाचं माणूस जगात नाही.

मग लक्ष्मीबाय म्हणाली, द ला पहिली वेलांटी दि. श ला काना शा. पोचलं का?

सेट बंद केला. पोच दिलेली नाही. दिलेली नाही. हे नीट लिहून ठेवतो.

सोमवार, २२ जुलै

दिशाचा घसा बसलाय.

डबा भरताना हसून गळ्याकडे बोट दाखवलं तिने. तशीच ठाण्याला कामावर गेली. नयनने हळद-दूध करून ठेवलंय.

बुधवार, २४ जुलै

आज बुधवार. सकाळपासून तिच्यासमोर बसून होतो. दुकानात का गेलो नाही म्हणून नयन विचारते.

संध्याकाळचे सात वाजले. ती आहे. आहे.

म्हणजे माझं बरोबर होतं. पोच नाही, म्हणून संपर्क अर्धा. पण आवाज परत येत नाही. ओठ हलतात, नुसता वारा येतो. ताप १०२.

गुरुवार, २५ जुलै

ॲडमिट केलं. ऑक्सिजन. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल, कळत नाही.

मला कळतंय. अर्धी इथे, अर्धी तिथे. मी पोच दिली तर ती जाईल, नाही दिली तर अशीच लटकत राहील. वर जाऊन ते नाव खोडलं पाहिजे.

दुपारी गेलेलो. पाऊस उघडलेला, ऊन. तीन तास हाका मारल्या. कोणी नाही. ते भर पावसातच येतं.

नयनला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, अहो, आयुष्यात एकदा तरी चुकीचं राहू द्यायचं होतंत.

शुक्रवार, २६ जुलै

३:४०. माथा. धो धो. मुद्दाम आलोय. ताडपत्री उडाली, वही शर्टाखाली धरून लिहितोय. विजा कल्याणच्या बाजूला, लांब आहेत.

४:०५. वाहक लहर आली, म्हणजे पलीकडे कुणीतरी बटण दाबून धरलंय. नुसता श्वास.

४:०७. मी म्हटलं, मागची नोंद रद्द करा. ते नाव माझं चुकलं. दुसरी वेलांटी, दुसरीच बरोबर होती. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं—

४:१०. त्या जागी माझं घ्या. उ उखळाचा. त ला त जोडून त्त. म मगरीचा. उत्तम. तीनदा सांगितलं. पोचलं का, पोचलं का, मीच विचारतोय—

नाही घेत.

४:१६. नयनचा फोन. दिशा उठून बसली म्हणते. ओठ हलवतेय, सारखी एकच गोष्ट सांगतेय, आवाज नाही. बोला तिच्याशी म्हणाली, फोन तिच्या तोंडाशी धरला. फोनमध्ये काही नाही. काहीच—

रेडिओवर. पाचावर नऊ. बाबा.

दिशा आहे. तिचाच. घशात खरखर नाही, काही नाही. लहान असताना अंधारात हाक मारायची तसा.

बाबा, पोचलं का?

बोलायचं नाही. बटणावरून बोट काढलंय. ओ द्यायची नाही, काही झालं तरी—

बाबा, तुम्ही आहात ना? मला काही दिसत नाहीये. बाबा, ऐकू येतंय का?

नाही बोलणार. फोनमध्ये नयन ओरडतेय, अहो बोला ना, ती तुमच्याकडेच बघतेय.

बाबा, पोचलं का? बाबा—

रडतेय. सेट बंद केला तर ती तिथे एकटी. एवढंच सांगतो की मी इथे आहे, घाबरू नकोस, ऐकतोय मी, सगळं ऐकतोय, तुझा आवाज पो—