हॉलसाठी कोणतं मशीन

मंगळवार, ४ मार्च

खोटं बोललो नाही. हे आधी लिहून ठेवतो. फक्त उजेड कमी केला.

दुकानात व्हिडिओ गेमची दोन मशीन लावलेली आहेत. एक पांढरं, एक काळं. शेजारी-शेजारी, एकाच मापाच्या दोन टीव्हींना जोडलेली. समोर सोफा, म्हणजे गिऱ्हाइकाला आपल्याच हॉलमध्ये बसल्यासारखं वाटावं. पांढऱ्याचा माल फार पडून आहे. म्हणून रोज सकाळी शटर वर गेलं की मी पांढऱ्याच्या टीव्हीचे रंग भडक करतो आणि काळ्याचा उजेड दोन अंकांनी खाली आणतो. पाच नाही, दोनच. मालक म्हणतात, "पाच केलंस तर गिऱ्हाइकाला कळतं. दोन केलंस तर त्याला वाटतं, फरक आपणच ओळखला!"

तक्ताही मीच केलाय. 'हॉलसाठी कोणतं मशीन?' स्वच्छ अक्षर, एकही चूक नाही. शाळा नववीत सुटली, पण शब्दकोश अजून काउंटरखाली असतो. सिनेमे दोन्हीवर दिसतात. डिस्क दोन्हीत जाते. काळं रुंद, टीव्हीखालच्या कप्प्यात मावेलच असं नाही. पांढरं उभंही राहतं. वयस्कर माणसांना काळ्याचं सोपं, पडद्यावरची अक्षरं मोठी. पांढऱ्याचा पंखा तापला की घरघरतो. ही शेवटची ओळ वाचून मालक म्हणाले, "ही काढ. पंखा कोण विकत घेतंय?" काढली. नुसती खोडली नाही, पूर्ण तक्ता नव्याने लिहिला. खाडाखोड मला सहन होत नाही.

आज एक मावशी आल्या. कपडे शिवतात, मोजपट्टी गळ्यातच राहिलेली. नवरा गवंडी. दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवा हात गेला, वाचा गेली. "व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, डावा हात कशात तरी गुंतवा. दिवसभर हॉलमध्ये भिंतीकडे बघत बसतात. भिंतही यांनीच बांधलेली, तिच्यात बघायचं काय राहिलंय!"

तक्त्याची ओळ न् ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली. मग तक्ता सोडून माझ्याकडे बघितलं. "तुझ्या घरी असतं तर तू कुठलं ठेवलं असतंस?"

"पांढरं," मी म्हणालो.

आमच्याकडे हॉल नाही, एकच खोली आहे. पण असता तर काळं ठेवलं असतं.

बुधवार, ५ मार्च

मावशींकडे मशीन जोडून आलो. काका खुर्चीत. रुंद खांदे, मांडीवर निर्जीव उजवा हात. मी "नमस्कार" म्हणालो तर माझ्याकडे न बघता मी लावत असलेल्या वायरीकडे बघत राहिले. वायर वाकडी गेली तशी त्यांनी बोटाने दाखवली. सरळ केली.

खेळायला खातं लागतं. मावशींच्या फोनमध्ये त्यांच्या मुलाचं खातं होतं. फोन त्यानेच घर सोडून जाताना दिलेला. "पाच वर्षं झाली. मला महिन्याला एक फोन करतो, यांचं नाव काढत नाही. हेही काढत नाहीत. बापलेक दोघंही एका मातीचे! तू तेच खातं घाल, नवीन कशाला."

घातलं. ठोकळ्यांचं घर बांधायचा खेळ लावून दिला. काकांनी डाव्या हातात कंट्रोलर थापीसारखा धरला. पहिला ठोकळा मैदानाच्या मधोमध नाही, कोपऱ्यात ठेवला. मग दुसऱ्या कोपऱ्यात. मी निघालो तेव्हा चार कोपरे झाले होते आणि त्यांना मी निघालेलं कळलंही नाही.

छान वाटायला हवं होतं.

शनिवार, २२ मार्च

मावशी दुकानात आल्या होत्या, चार्जरची वायर न्यायला. नुसत्या बोलत होत्या. "अरे, दोन खोल्या उठवल्यात यांनी! जेवायला हाक मारली तर बोट दाखवतात — थांब, हा थर पुरा होऊ दे. पूर्वी कामावर असायचे तेव्हा अगदी अस्संच!"

मग म्हणाल्या, "आणि संध्याकाळी एक माणूस येतो त्यात. निळ्या सदऱ्यातला. विटा आणून देतो, खिडक्या बसवतो. हे त्याची वाट बघतात रे. कोण तो?"

"तो मशीनचाच असतो, मावशी. एकट्याने खेळणाऱ्याला सोबत म्हणून."

हे मी कुठे वाचलं? कुठेच नाही. 'माहीत नाही' म्हणायला जीभ रेटली नाही.

जाता जाता म्हणाल्या, "फक्त घरघर फार. पिठाची गिरणी लावल्यासारखं! दुपारी यांचा डोळा लागत नाही."

तक्त्यातली काढलेली ओळ! मालकांना विचारलं, बदलून काळं देऊ का, महिना व्हायचाय अजून. मालकांनी आधी नाही म्हणून मान हलवली, मग म्हणाले, "दे. कंपनी घेते परत. पण नियम पाठ आहे ना? आतलं सगळं पुसून आणायचं. आणि गिऱ्हाइकासमोर पुसायचं, उद्या बोंब नको."

सोमवारी जातो. एक तरी गोष्ट नीट करीन.

सोमवार, २४ मार्च

बदललं. काळं आवाज करत नाही. कप्प्यातही मावलं, मी आधी माप घेऊन गेलो होतो.

पांढरं नियमाप्रमाणे हॉलमध्येच पुसलं. मावशी आत शिलाई मशीनवर शिवत होत्या, काका समोर बसलेले. पडद्यावर आलं, सगळं कायमचं जाईल, नक्की? काकांनी घशातून आवाज काढला आणि माझी बाही धरली. मला वाटलं, घाई झालीय. "झालंच हं काका," म्हणालो, आणि 'हो' दाबलं.

मग बराच वेळ त्यांनी बाही सोडली नाही. प्रेमळ माणूस आहे, असं वाटलं मला. असं वाटलं!

मंगळवार, २५ मार्च

सकाळी मावशींचा फोन. "यांचं घर दिसत नाही रे काळ्यात."

घर पांढऱ्यात होतं. पांढऱ्यातच होतं. दुसरी प्रत ठेवायची सोय असते, ती मी चालू करून दिली नव्हती. आणि पुसण्याआधी विचारायचं असतं, ठेवण्यासारखं काही आहे का? नियमात ते नाही. पण ते सांगायला नियम लागतो का?

बाही! तो माणूस 'नको' म्हणत होता.

मावशींना काय सांगितलं, तेही लिहितो, कारण इथे तरी खरं लिहायचं. म्हणालो, "पांढऱ्यात बिघाडच होता, मावशी. आपोआप गेलं असणार."

"तरी बरं, बदलून दिलंस. तुझं भलं होवो."

शुक्रवार, २८ मार्च

आईने विचारलं, घास का अडकतोय? म्हणालो, दाढ दुखतेय. आता दाढेचंही खोटं.

रविवार, ३० मार्च

सुट्टी होती, तरी मावशींनी बोलावलं म्हणून गेलो. त्यांना वाटलं काळ्याचं काही जोडायचं राहिलंय. काही राहिलं नव्हतं. काका त्याला हात लावत नाहीत. खुर्ची फिरवून घेतलीय, पुन्हा भिंतीकडे तोंड. मी मुद्दाम नवीन मैदान उघडून दिलं. मानही वळवली नाही. मी आलो हे त्यांना कळलं होतं. पाठीवरूनही कळतं.

स्वयंपाकघरात मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "काल पोराचा फोन आला. महिना भरला नव्हता, मधेच. म्हणतो, बाबांना सांग, मी नको होतो तर तसं कळवायचं. माझ्यासकट घर पाडायची काय गरज होती? मी म्हटलं, कसलं घर? म्हणतो, त्यांना बरोबर माहितीय. आणि म्हणतो, आता तुलाही फोन नाही करणार, आई. दोघंही सुखात राहा." पदराने डोळे पुसले. "डोकं फिरलंय का रे त्याचं? तिकडे एकटा असतो."

मी पाण्याचा पेला हातात धरून तसाच उभा.

निळा सदरा.

खातं मुलाचं होतं. त्याला तिकडे दिसलं असणार, आपल्या खात्यावरून कुणीतरी खेळतंय. दुसऱ्या नावाने आत बघायला आला असेल, कोण चोर आहे. आणि आत चार कोपरे, सरळ थर. बापाचं काम पोराला ओळखू येणार नाही? मग रोज संध्याकाळी येत राहिला. एक शब्द न बोलता विटा देत राहिला. काकांनाही कळलं असणार, म्हणून तर वाट बघायचे. पाच वर्षांनी दोघं एका घरात उभे होते, आणि मी नियमाप्रमाणे, मावशींच्या हॉलमध्ये, पुसून टाकलं. आणि पोराला वाटतंय, बापाने दार लावलं.

काकांना सांगता येत नाही. मावशींना माहीत नाही. माहीत फक्त मला आहे.

"काय झालं रे? पांढरा पडलास."

"काही नाही, मावशी." आणि निघून आलो. निघून आलो!!

सोमवार, ३१ मार्च

त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. परत आलो.

बुधवार, २ एप्रिल

आज जेवणाच्या सुट्टीत गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं, अकरा ओळी. खिशातून काढलाच नाही.

मावशींना म्हणालो, फोन लावा मुलाला, आणि इथे हॉलमध्ये काकांसमोर लावा. त्यांना वाटलं, मीच आजारी आहे. तीनदा कापला गेला. चौथ्यांदा उचलला. "आई, मी सांगितलंय ना —"

"मी दुकानातला बोलतोय," मी म्हणालो. "मशीन विकलं तो. घर मी पुसलं. तुमच्या बाबांनी नाही. त्यांनी माझी बाही धरली होती, मी ऐकलं नाही."

त्याने विचारलं, "काय केलं होतं त्यांनी?"

"बाही धरली होती. नको म्हणत होते. बराच वेळ सोडली नाही."

मग तो मला जे बोलला ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. अक्कल, शिक्षण, आईबाप, सगळं निघालं. मी ऐकत होतो आणि काकांच्या पाठीकडे बघत होतो. ती पाठ हळूहळू वळली.

उरलंसुरलंही सांगून टाकलं. बिघाड नव्हता. निळा सदरा मशीनचा नव्हता. पंख्याची ओळ मी काढली. टीव्हीचा उजेड मी कमी करतो.

मावशी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि मी तुझं भलं व्हावं म्हणत बसले!" हातातली कात्री त्यांनी टेबलावर ठेवली, अगदी हळू. आपटली असती तर बरं झालं असतं.

परतताना लक्षात आलं, चप्पल उलटसुलट घातलीय. तशीच चाललो दुकानापर्यंत.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी दोन्ही टीव्हींचा उजेड सारखा ठेवला. तक्त्यात पंख्याची ओळ पुन्हा लिहिली. मालक दोन्हींसमोर उभे राहिले. दुपारी म्हणाले, "उद्यापासून गोदामात बस. तिकडे सगळं खोक्यात असतं, तुला त्रास नाही आणि मला नाही."

शुक्रवार, ४ एप्रिल

गोदाम. खोकी मोजली. दुकानात मावशींचा निरोप होता, उद्या चारला ये. कशाला ते नाही सांगितलं.

शनिवार, ५ एप्रिल

गेलो. काकांनी खुर्ची टीव्हीसमोर ओढून घेतली होती. कंट्रोलर माझ्या हातात कोंबला आणि मैदानाकडे बोट केलं. बांध! मी भिंत बांधली. त्यांनी बघितली, आडवा हात फिरवला. पाडली. पुन्हा बांधली, पुन्हा पाडायला लावली. तिसरीही पाडली. मावशी दारात तोंडाला पदर लावून. चौथी त्यांनी फार वेळ बघितली. मग हात मांडीवर ठेवला. राहू दे.

मावशींच्या फोनवर मुलगा व्हिडिओतून सगळं बघत होता, मला ठाऊक नव्हतं. एकदम आवाज आला. "चौथीला राहू दिली? माझी तर बारावी भिंतही पाडली होती त्यांनी. खरी भिंत, भर उन्हात, सगळ्या मजुरांसमोर. त्याच दिवशी गेलो मी."

मग काकांनी डाव्या हाताने फोन स्वतःकडे ओढला, कानाला घट्ट लावला आणि मला बाहेर जायची खूण केली. बोलता येत नाही त्यांना. मी पायरीवर चपला घालत होतो तेव्हा मावशींनी आतून दार लावून घेतलं.