आरशात न दिसणारा स्नायू

दादा,

रागावू नकोस, पण आज मी दवाखान्यात जाऊन आलो. जिना चढताना दम लागत होता. तुला बोललो असतो तर म्हणाला असतास, "लेका, व्यायाम कमी पडतोय."

तपासणाऱ्या डॉक्टरबाई आईच्या वयाच्या. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी. पण चहात साखर किती विचारावं तसं त्यांनी विचारलं, "अंग कमवायला कोणती इंजेक्शनं घेतोस? घाबरून एकदम बंद करू नकोस हं, आपण मिळून ठरवू." मी सगळं सांगून टाकलं. पहिली सुई कुणी टोचली, तेवढं नाही सांगितलं.

मग छातीवर गार जेल लावून त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. दादा, माझं काळीज! आपलं आपण उघडमीट करत होतं. इतकी वर्षं आपण आरशासमोर एकेक स्नायू घडवला, आणि हा पठ्ठ्या आईच्या पोटात असल्यापासून राबतोय, टाळ्यांशिवाय.

"याची भिंत जाड झालीय," बाई हळूच म्हणाल्या. "याला फुगवायचं नसतं रे. पण अजून सावरता येईल."

मी म्हटलं, "माझा भाऊही तेच घेतो. आणू?"

"आण की. ओरडणार नाही मी."

हे पत्र टाकत नाही, वाचून हसशील. उद्या मीच येतो. नाही म्हणालास तर खांद्यावर टाकून नेईन. खांदे तूच घडवलेस.

तुझा,
बारक्या